धुळीचा बोळ

तुळजापूरहून नळदुर्गकडे निघालं की माळावर ‘सौभाग्य मंगल कार्यालय’ लागतं. त्याच्या मोठ्या दालनाला एकही खिडकी नाही. मालक रणधीर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोऱ्यात सांगतो. “बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत गारवा. बांधणीच तशी है, साहेब.” बांधणी तशी आहेच, पण तिच्यात रणधीरचा काडीचा हात नाही. ही इमारत लग्नं लावायला बांधलेली नव्हती. इथं सिलिकॉनच्या चकत्यांवर काम व्हायचं, रेडिओ-टीव्हीत लागणारे ट्रान्झिस्टर बनायचे. आणि इथं माझी शामलाकाकू रोज सकाळी स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसायची. त्या दारावर ‘सौभाग्य’ ही अक्षरं दिसली की माझं डोकं फिरतं, ते त्यामुळं.

मी नीरजा. धाराशिवला शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर तुळजापुरातलं, देवीला येणाऱ्या यजमानांची पूजाअर्चा पिढ्यान्‌पिढ्या करत आलेलं. माझ्या वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणतं, आम्ही मुलंही भाऊच म्हणतो. त्यांचे धाकटे भाऊ योगीराजकाका, आणि शामला ही त्यांची बायको. लग्न होऊन आली तेव्हा बारावी पास होती, तेही विज्ञान घेऊन. आमच्या घरात तोवर एवढी शिकलेली सून आलेली नव्हती. त्याचं कौतुक आठवडाभर टिकलं, मग तिच्या हातात परात आली.

तेवढ्यात कारखाना आला. मराठवाडा मागास आहे, तिकडं उद्योग न्या, अशी त्या काळात टूमच होती. सवलतींच्या लोभानं मुंबईची एक कंपनी माळावर उतरली. भूमिपूजनाला पुरोहित म्हणून गेले आमचे भाऊच. पायाच्या खड्ड्यात त्यांनी हळद वाहिली, मूठभर कुंकू टाकलं, नारळ फोडला. मुंबईच्या साहेबांनी हात जोडले. आणि त्या पायावर जी इमारत उभी राहिली, तिच्यात कुंकवाच्या कणालाही मज्जाव होता. हा विनोद त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही.

इमारत मात्र बघण्यासारखी होती. मी काकूबरोबर ती एकदा पाहिली आहे, वर्धापनदिनाला घरच्या माणसांना नेलं होतं तेव्हा. बाहेरची भिंत आपल्याकडच्या काळ्या दगडाची, हातभर जाड. तिच्या आत थोडी जागा सोडून दुसरी भिंत, गुळगुळीत, रंगवलेली, तिचे कोपरे गोल केलेले. कोपरा असला की धूळ बसते, म्हणून कोपराच ठेवलेला नव्हता. दोन भिंतींच्या मध्ये एक अरुंद बोळ, चारी बाजूंनी फिरणारा. बाहेरून जी काही धूळ शिरेल ती या बोळात थांबायची, आत जायची नाही. बोळातून आतलं काम पाहता यावं म्हणून एका बाजूला लांबलचक जाड काच. आम्ही पाहुणे त्या काचेबाहेर उभे होतो आणि आत पांढऱ्या झग्यातल्या बायका वाकून काम करत होत्या. फक्त डोळे उघडे. त्यातली माझी काकू कोणती ते मला ओळखू आलं नाही, मग एकीनं डोळा मिचकावला.

आतल्या खोलीची फरशी बाहेरच्या भिंतीला कुठंही टेकत नाही. ती वेगळ्या खांबांवर उभी आहे, कारण हमरस्त्यावरून ट्रक गेला तरी चकती हलता कामा नये. छतातून गाळलेली हवा यायची, फरशीला भोकं होती, त्यांतून खाली जायची. दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हे सगळं काकूनं मला पोहे निवडता निवडता समजावलेलं आहे. “नीरू, त्या चकतीवर केसाहून बारीक रेघा असतात. तिच्यावर कुंकवाचा एक कण पडला म्हणजे पायवाटेत धोंडा आला की गं.” मी विज्ञानाची बाई झाले ती त्या पोह्यांच्या ताटापाशी.

आत जाण्याआधी कपडे बदलायची खोली होती. तिथं पायानं दाबून नळ सुरू करायचं एक स्टीलचं बेसिन. पावडर, काजळ, गजरा, बांगड्या, कुंकू, सगळं तिथं उतरवायचं. कुंकवाची डबी पिशवीतसुद्धा आणायची नाही. तुळजापुरात हा नियम! जिथं देवळाच्या पायऱ्या कुंकवानं लाल असतात आणि यात्रेकरू कपाळ भरून परत जातात, त्या गावच्या बायकांना सांगितलं, कपाळ धुवा. पहिल्या दिवशी निम्म्या बायका घरी निघून गेल्या. काकू राहिली. आणि राहिली सखूबाई.

सखूबाई जवळच्याच धनगरवस्तीवरची. तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवं गोंदण होतं. ते कसं पुसणार? साहेब लोकांची त्यावर बैठक बसली म्हणे. सखूबाई आमच्या ओसरीवर बसून सांगायची आणि काकूला हसून हसून ठसका लागायचा. “सायेब म्हनला, ह्ये बी काडा. म्या म्हनलं, कातडं सोलून देऊ व्हय? मंग गप बसलं.”

घरी माझी आजी होती, तुळजाबाई. देवीचंच नाव, आणि कुंकवाच्या बाबतीत देवीपेक्षा कडक. सुनेचं कपाळ दिवसभर मोकळं असतं हे तिला कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी संपली असती. म्हणून योगीराजकाकांनी युक्ती काढली. संध्याकाळी कंपनीची बस चौकात थांबायची, तिथं ते स्कूटर घेऊन उभे असायचे. सदऱ्याच्या खिशात पितळेचा छोटा करंडा. ‘आल्या का इंजिनीअरबाई? कपाळ पुढं करा’ म्हणत भर चौकात स्वतः कुंकू लावायचे, हमखास वाकडं. काकू लाजून चूर. “अहो, लोक बघतात,” म्हणत स्कूटरच्या आरशात नीट करून घ्यायची. मी कधीमधी स्कूटरवर पुढं उभी असायची, म्हणून मला हे ठाऊक. पूजा सांगणाऱ्या घरातला तो माणूस बायकोच्या नोकरीसाठी रोज खिशात कुंकू घेऊन हिंडत होता. असा माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि हे मी माझ्या नवऱ्यासमोरही म्हणते.

एके दिवशी काका यजमानांना आणायला सोलापूरला गेले. येताना घाटात जीप उलटली. ते जागच्या जागीच गेले.

दुपारी घरी कळलं. भाऊंनी कारखान्यात फोन लावला. फोन घेणाऱ्यानं सांगितलं की काम चालू असताना मध्येच कुणाला बाहेर काढता येत नाही, पाळी सुटली की सांगू. पाळी सुटली तेव्हा सांगायची कुणाची छाती झाली नाही. काकू नेहमीसारखी बसमध्ये बसली, नेहमीसारखी चौकात उतरली, आणि काकांची वाट बघत उभी राहिली. चौकातल्या प्रत्येक दुकानदाराला तोवर माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. ती उन्हात उभी होती आणि ते आपापल्या गल्ल्यावर माना खाली घालून बसले होते. त्यांतल्या दोघा-तिघांना मी आजही नमस्कार करत नाही.

शेवटी ती थोडी चिडूनच घरी चालत निघाली. कपाळ मोकळं, हात मोकळे, बांगड्या पिशवीतच. मागच्या दारानं शिरावं, आजीला दिसण्याआधी देवघरातलं कुंकू लावावं, असं तिच्या मनात होतं. पण गल्लीत माणसं दिसली आणि ती पुढच्याच दारानं आत आली. समोर आजी बसलेली. तिनं वर पाहिलं, काकूच्या कपाळाकडं पाहिलं.

“पुसूनच आलीस?”

काकूला नवरा गेल्याचं कळलं ते असं. मी दारामागं उभी होते, शाळेच्या कपड्यांत. आजीचे ते दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

मग शेजारच्या बायका आल्या, रीत करायला. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. पण कपाळावर पुसायला काही नव्हतं आणि हातात फोडायलाही काही नव्हतं. कंपनीनं सगळं आधीच करून ठेवलं होतं. त्या बायका अवघडून उभ्या राहिल्या आणि तिथंच कुजबुज सुरू झाली. सुतक फिटेपर्यंत ती गावभर झाली. शामलानं रोज पुसलं, रोज पुसलं, आणि एक दिवस नवराच पुसला.

काकू नोकरीवर परत गेली. बेसिनपाशी बायका रांग लावून उभ्या राहायच्या, ही सरळ पुढं. “माझा आता वेळ वाचतो,” एवढंच एकदा बोलली. मला वाटलं, केवढी धीराची बाई.

वर्ष-दीड वर्षानं सखूबाईच्या नवऱ्याला माळावर साप चावला. तोही गेला. सखूबाई आमच्याकडं आली, काकूच्या पुढ्यात बसली आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, “बगा ताई. माझं कुनी पुसलं न्हाय. हाय तसंच हाय. तरी बी धनी गेला. मंग? कुंकवानं मानूस ऱ्हात आस्तंय व्हय?” काकूनं हे बोलणं पदरात बांधून घेतलं. पुढं कुणी टोमणा मारला की ती शांतपणे सखूबाईचं गोंदण पुढं करायची. समोरच्याची बोलती बंद व्हायची. शाळेत प्रयोग करताना मलाही इतका चोख पुरावा कधी सापडला नाही.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यात काय झालं ते नव्यानं सांगायची गरज नाही. कारखान्याची इमारत मात्र जशीच्या तशी उभी. भिंतीपासून सुटी ठेवलेली ती फरशी जराही फाटली नाही, बोळातल्या काचेला तडा गेला नाही. कंपनीला मात्र पुढं तडा गेला. बाहेरचा माल स्वस्त झाला, इथं वीज टिकेना, चकत्या धुवायला लागणारं पाणी टँकरनंही पुरेना. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. बायका परत परातीकडं गेल्या. इमारत आधी सरकीचं गोदाम झाली, मग सोयाबीनचं, मग रणधीरनं घेतली. धुळीचा कण न शिरणाऱ्या खोलीत पोत्यांच्या थप्प्या लागल्या. काकू रस्त्यानं जाताना तिकडं बघायची नाही.

तिला मूल नव्हतं. माझा भाऊ स्वानंद, त्याची बायको सोनाली सोलापूरला बँकेत, त्यामुळं त्यांची मुलगी अक्षरा वाढली ती काकूच्याच मांडीवर. ‘शामलाआजी’ हाच तिचा पहिला शब्द, आईच्या आधी. सोनालीला ते अजून टोचतं.

अक्षराचं लग्न ठरलं कैवल्यशी. मुलगा बेंगळुरूला चिपच्या कंपनीत. घरी आला तेव्हा अक्षराच्या शामलाआजी अशा कारखान्यात होत्या हे ऐकून तो खुर्चीतून उठलाच. काकूला घेऊन तो माळावर गेला, अक्षरा आणि मीही गेलो. कैक वर्षांनी काकू त्या दारातून आत शिरली. आत लाल गालिचा, झालरी, सिंहासनासारख्या दोन खुर्च्या. काकूनं गालिच्याचं टोक उचललं. खाली भोकांची फरशी तशीच होती. कैवल्य गुडघ्यावर बसला, त्या भोकांवरून हात फिरवला. दोघं मग एकमेकांशी अशी बोलत सुटली की एका हापिसातली वाटावीत. बोळात आता रणधीरच्या मोडक्या खुर्च्या आणि पातेली असतात. काच आहे. आत कितवी पंगत बसली ते वाढप्यांना त्यातून दिसतं. “आणि ही खोली, आम्ही इथं...” कपडे बदलायच्या जुन्या खोलीत काकू म्हणाली आणि थांबली. आता ती नवरीची खोली आहे. बेसिन तेच. काकूचा पाय आपोआप खालच्या दांड्यावर गेला. पाणी आलं.

अक्षरानं ते सगळं पाहिलं. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की लग्न त्याच कार्यालयात होणार, आणि त्या दिवशी तिच्या कपाळाला पहिलं कुंकू शामलाआजी लावणार. त्याच खोलीत, त्याच बेसिनपाशी.

घरात जणू कुणी ताट आपटलं. सोनाली म्हणाली, “माझं काही नाही हो वन्सं, मी मानत नाही. पण माझ्या माहेरची माणसं बोलतील.” न मानणाऱ्यांची माहेरची माणसं नेहमीच मानणारी असतात. स्वानंद मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मला राहवलं नाही. मी भाऊंकडं वळले. ते आता थकलेत, पण शेवटचा शब्द अजून त्यांचाच.

“भाऊ, पायाच्या खड्ड्यात कुंकू कुणी टाकलं? तुम्ही. त्या दिवशी कारखान्यात फोन करून पुढं गप्प कोण राहिलं? तुम्ही. काकूनं काय पाप केलं ते तुमच्या तोंडानं सांगा एकदा. सगळ्यांसमोर सांगा.”

भाऊंनी स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. मग म्हणाले, “आईचं चुकलं होतं. मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. शामला लावील कुंकू. कुणाला काय बोलायचं ते माझ्याशी बोला.”

मी जिंकले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. त्या संध्याकाळी तिनं कपाटातून पितळेचा करंडा काढला. अपघातानंतर काकांच्या सामानात परत आलेला, एका बाजूनं चेपलेला. चिंच लावून घासला, लखलखीत केला, देवळाजवळून कुंकू आणून भरला. घासताना ती गुणगुणत होती. मी म्हटलं, “काकू, वाकडं लावू नका हं.” ती मनापासून हसली.

लग्नाच्या दिवशी नवरीच्या खोलीत आम्ही मोजक्याच बायका होतो. सोनाली, तिची आई, सोनालीच्या माहेरच्या दोघी, आणि मी. कुणी एक वाकडं अक्षरही बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. उलट सोनालीची आई म्हणाली, “या ना, शामलाताई, तुमचीच वाट बघतोय.” अक्षरा बेसिनपाशी उभी होती, कपाळ कोरं ठेवून. तिनं मान पुढं केली. “आल्या का इंजिनीअरबाई?” ती म्हणाली. काकांचे शब्द काकूनंच तिला कधीतरी सांगितलेले.

काकूनं करंड्याचं झाकण काढलं. बोट कुंकवात बुडवलं. हात अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला.

मला वाटलं, भरून आलं असेल. पण तिचे डोळे कोरडे होते. ती बेसिनकडं बघत होती.

“माझा हात नको, अक्षू.”

“आजी, आता काय झालं? आजोबांनी सांगितलंय ना!”

“त्यांनी सांगितलं गं. सगळे चांगले आहेत. पण मी इथंच पुसलं होतं ना. आधी पुसलं, मग ते गेले. माझ्याच्यानं तुझ्या कपाळाला हात लावायचा नाही.”

मी जवळजवळ ओरडलेच, “काकू! अहो, सखूबाईचं काय मग? तुम्हीच तर सगळ्यांना सांगत आलात!”

ती माझ्याकडं वळली. लहानपणी पोहे निवडताना समजावून सांगायची, त्याच आवाजात म्हणाली, “ते लोकांची तोंडं बंद करायला होतं, नीरू. मला स्वतःला ते कधी पटलं नाही. एक दिवससुद्धा नाही.”

तिनं दांडा पायानं दाबला, बोटाचं कुंकू धुतलं, हात पदराला पुसला, करंड्याचं झाकण लावलं. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. सोनालीच्या आईनं पुढं होऊन कुंकू लावलं. अक्षरा रडत होती, आणि नवरी आहे म्हणजे रडणारच, असं समजून फोटोवाला फोटो काढत होता.

आजीला मी जन्मभर दोष देत आले, गावाला देत आले, कंपनीला देत आले. पण सगळ्यांशी भांडून, सगळ्यांची तोंडं बंद करून मी मिळवलं काय? आजीचे ते दोन शब्द कधीच बाहेर राहिले नव्हते. काकूनंच ते आत नेऊन ठेवले होते, आणि तिथं माझं विज्ञान पोचत नव्हतं. मला तिचा राग आला. इतका राग मला आजीचाही आला नव्हता.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी तिला दालनात शोधलं. भाऊंच्या शेजारची तिची खुर्ची मोकळी होती. मग मला ती काचेपलीकडं दिसली. बोळात, मोडक्या खुर्च्या आणि पातेल्यांच्या मध्ये एका उलट्या घमेल्यावर बसलेली, नवी साडी नेसून. बाहेरची धूळ जिथं थांबावी म्हणून ती जागा सोडली होती, तिथं. मी हातानं खुणावलं, आत या. तिनं मान हलवली, आणि मला बरं वाटावं म्हणून डोळा मिचकावला.

शेवटच्या ‘सावधान’ला ती उठून उभी राहिली आणि तिथूनच मुठीतल्या अक्षता टाकल्या. त्या काचेवर आपटून तिच्याच पायाशी पडल्या. भूकंपातही न तडकलेली ती काच.